नऊ पंच

प्रिय हिम्मतराव,

सहा वर्षांनी लिहितोय. फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच तोडशील आणि मी मधेच चिडेन. कागदावर दोन्ही जमत नाही, म्हणून हे पत्र.

मुद्दा आधी. सिकंदराबादेत नवा कोटिंग कारखाना निघालाय, तिथल्या मालकांचा मागच्या सोमवारी फोन आला. तुला विभागप्रमुख नेमायचं त्यांच्या मनात आहे. पण कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय, की सहा वर्षांपूर्वी माझ्या शेडमध्ये ज्याच्या हातून नऊ पोलादी पंचांवरचा थर सुटला तो माणूस हाच. खरं का, असं मला विचारत होते. मी आठ दिवस मागून घेतले.

परवा सुलतान बाजारात तुझ्या आई दिसल्या. बरं आहे का, विचारलं. 'हौ' म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पूर्वी पिशवी माझ्या हातात देऊन बस स्टॉपपर्यंत बोलत आल्या असत्या.

शेडमध्ये काम तेच आहे. औषधाच्या गोळ्या दाबायचे पंच येतात, धुऊन-पुसून निर्वात भट्टीत जातात, सोनेरी होऊन निघतात. आता तपासणीला अश्विनी नावाची मुलगी घेतलीय, इंजिनिअरिंगची डिग्रीवाली. पहिल्या दिवशी तुला जे सांगितलं होतं तेच तिला सांगितलं : पावडर दिवसभर घासून पोलाद झिजवते, म्हणून वर हा टायटॅनियम नायट्राइडचा थर, अडीच मायक्रॉन, केसाच्या पंचविसाव्या हिश्श्याहून पातळ. पोलादापेक्षा कितीतरी कडक. पण तो बसतो स्वच्छ पोलादावरच. म्हणून धुतल्यानंतर उघड्या हाताने कुणी शिवायचं नाही, तसा भिंतीवर बोर्डच आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आठवड्याने मला विचारलं, "काका, बोर्ड तुम्हीच लावलाय ना? मग तुम्ही हातमोजे काढता कायकू?"

तुला माझी सवय ठाऊकच आहे. भट्टीत भरण्याआधी ज्या पंचाचं पॉलिश डोळ्याला खटकेल, त्याच्या तोंडावरून मी अंगठा फिरवत असे. मोजे घालून ते कळत नाही. कॉलेज सोडून, लायब्ररीत पुस्तकं चाळत, भंगारातला पंप दुरुस्त करत मी हे शिकलो. माझ्या अंगठ्याला जे कळतं ते तिच्या यंत्राला कळत नाही, असं मी तिला सुनावलं. तिने पुढचा पंच भिंगाखाली धरला. पण तिला पटलंय असं मला वाटेना, म्हणून तिचं तोंड कायमचं बंद करायला मीच चाचणी लावली.

दहा बाद पंच घेतले. एकाच पाण्यात धुतले. पाचांवर अंगठा फिरवला, पाचांवर नाही, आणि सगळे एकाच भट्टीत घातले. मग हिऱ्याच्या टोकाने प्रत्येकावर खड्डा पाडून भोवतीचा थर भिंगातून पाहिला. शिवलेल्या पाचही पंचांवर खड्ड्याच्या कडेचे पापुद्रे निघाले होते. एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं मी मानत नाही. दुसऱ्या दिवशी हात स्पिरिटने धुऊन पुन्हा केलं. या वेळी अश्विनीने पंचांचे नंबर मिसळले, शिवलेले कुठले ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं. भिंगातून पाहून, पापुद्रे निघालेले पाच नंबर मी सांगितले. तिने चिठ्ठी उघडली. पाचही जुळले.

सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी तू धुतलेले चौसष्ट पंच होते. मी शिवलेले आठ-दहा असतील. सुटले नऊ. मी तुझ्या धुण्याला दोष दिला, तेव्हाच तू म्हणाला होतास, की धुण्याचं पाणी खराब असतं तर चौसष्टच्या चौसष्ट गेले असते. बरोबर बोलत होतास. आणि मी सगळ्यांसमोर काय बोललो ते तू विसरला नसशील, मीही विसरलेलो नाही : "शेतातला हात शेतातच बरा." तू एप्रन काढलास, घडी घालून टेबलावर ठेवलास आणि गेलास.

सिकंदराबादच्या मालकांना उद्या अकरा वाजता माझ्या सहीचं पत्र देणार आहे. धुणं आणि पुसणं हिम्मतरावांचं, त्यात खोट नव्हती. उघडा हात माझा होता. चाचणीचे दोन्ही तक्ते सोबत जोडलेत. अश्विनीला आणि शेडमधल्या सगळ्यांना काल चहाच्या वेळी हेच सांगितलं. पण एक गोष्ट त्या पत्रात नाही, चाचणीतूनही ती निघालेली नाही. तू गेल्यावर चार महिने मी हातमोजे काढले नव्हते. एकदाही नाही. त्या चार महिन्यांत एकाही पंचाचा थर सुटला नाही, आणि असं का, हे मी स्वतःला विचारलं नाही. मग हळूहळू पुन्हा काढू लागलो. म्हणजे मला तेव्हाच माहीत होतं, हिम्मतराव. हे दुसऱ्या कुणाला कळायची गरज नाही, तुला कळायला हवं होतं.

अजून म्हणवून घ्यायला तुझी हरकत नसेल, तर
तुझाच,
मुकुंद