पायाळूची कंबर

धडगाव, ता. १७ जानेवारी १९६१

ती. आईस रतिलालचा नमस्कार. धाकट्या बन्सीने हे सावकाश वाचून दाखवावे. मी मजेत आहे, फक्त कंबर धरली आहे.

जीपमधून ज्वारीचं पोतं वाकून उचललं आणि तसाच वळलो, तेव्हा चमक भरली. पडून राहिलो असतो तर भागलं असतं. पण मी पायाळू, जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, हे तू इथं आलीस तेव्हा अख्ख्या कचेरीला सांगून गेलीस. पायाळूची लाथ बसली की कमरेची उसण जाते म्हणतात, म्हणून आता उसण भरलेला जो तो माझी लाथ खायला दारात उभा. एका पायावर तोल सांभाळत लाथा मारता मारता माझं दुखणं कमरेतून पोटरीत उतरलं.

खोकलो तरी कळ जाते. डॉक्टरांनी निजवून उजवा पाय सरळ वर उचलला, तर मी अर्ध्यातच ओरडलो. मणक्यापाशी शीर दबली म्हणाले. फळीवर निजवलं आहे. काळजी करू नकोस.

तरी काल सुपडू हवालदार आलाच. म्हणे, "तू झोपेलच ऱ्हाय भाऊ, नुसता पाय लाई दे." चिडून लावला. तो ताठ चालत गेला. मला लाथ घालायला मात्र इथं दुसरा पायाळू नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? बन्सीला पोती वाकून उचलू देऊ नकोस.

आणि कृपा करून आणखी कुणाला माझ्याकडे पाठवू नकोस. ज्या पायाने सुपडू बरा झाला, त्याच पायाच्या अंगठ्याला डॉक्टरांनी सुई टोचली, ती मला कळली नाही.

तुझा,
रतिलाल