सोळा दिवसांची दुरुस्ती

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. गुडघ्याचे व्यायाम तू करत नाहीस अशी तुझ्या लेकीची फोनवर तक्रार आली आहे. करत जा. मी बरी आहे. जेवते, फिरते, दुपारी जरा पडते, आणि उरलेला दिवस तू सोपवलेल्या कामात जातो.

आधी त्या कामाचंच सांगते. दादाला जाऊन तीन महिने होत आले. ‘त्यांचे फोटो नीट लावून दे, लेकीला हवेत, तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतं,’ असं म्हणून तू डिस्क पाठवलीस. उघडली तर काय, सगळे फोटो एकाच दिवशीचे! लेक पाळण्यात, लेक शाळेत, लेकीचं लग्न, सगळं म्हणे मागच्या मार्चमधल्या एका मंगळवारी उरकलं. घाबरू नकोस. जावईबापूंनी जुन्या कॉम्प्युटरवरून फोटो उतरवले त्या दिवसाची तारीख फायलींना लागली, एवढंच. फोटो काढताना कॅमेरा त्याच्या पोटात आपली तारीख-वेळ लिहून ठेवतो, ती शाबूत होती. ती वाचून मी प्रत्येक फोटोला नवं नाव दिलं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

मेसेजमधून आलेल्या फोटोंच्या पोटात मात्र काही उरत नाही, पाठवतानाच पुसलं जातं. तिथे डोकं चालवावं लागलं. कुणाचे केस किती पिकलेत, भिंतीला कुठला रंग आहे, लेकीचे पुढचे दात पडलेत की आलेत. नक्की कळलं नाही तिथे सरळ ‘अंदाजे’ लिहिलं आहे. कोण कोण आहे तेही प्रत्येक फोटोत नोंदवलं. तुझ्या मावशीच्या शेजारी जे चष्मेवाले गृहस्थ सात फोटोंत ठाण मांडून बसलेत ते कोण, कळव. सध्या मी त्यांचं नाव ‘चष्मेवाले पाहुणे’ ठेवलं आहे. मूळ फायलींना हात लावलेला नाही. त्या वेगळ्या ठेवून सगळं काम नकलेवर केलं. हे शहाणपण मला उशिरा सुचलेलं आहे.

सगळं ओळीने लागल्यावर एक गोष्ट नजरेला आली. दादाने चौदा वर्षांत साडेसहा हजार फोटो काढले. असा एक आठवडा नाही की त्याने काही टिपलं नाही. तू तोंडावर हात धरून हसतेस ते, लेकीच्या चपला, गच्चीवरची वाळत घातलेली गादी, काय वाटेल ते. आणि मग एका सप्टेंबरात ते थांबतं. त्यानंतरच्या अकरा वर्षांत त्याने काढलेला एकही फोटो नाही. आहेत ते तुझ्या फोनमधले. त्यांत तो कडेला उभा असतो आणि दुसरीकडेच बघत असतो.

तू म्हणायचीस, नोकरी गेली आणि त्यांचं मन उडालं. खरं आहे. पण नोकरी कशी गेली हे तुला माहीत आहे तसं

आज इथेच थांबते. दूध आणायचं राहिलं आहे.

मंगळवार

रविवारी दूध आणून आले आणि पुन्हा लिहायला बसले नाही. दूध हे निमित्त होतं, तुझ्या लक्षात आलंच असेल. काल एक काम उरकून आले आहे, त्यामुळे आता मागे फिरायला जागा नाही. आज सगळं लिहिते. बसून वाच. आणि लेक जवळ असेल तर तिलाही वाचू दे.

दादाने मला त्या ऑफिसात चिकटवलं हे तू जाणतेसच. तो लिफ्ट तपासायचा आणि मी आत बसून सगळ्या तपासनिसांचे फोटो सांभाळायचे. पाच तपासनीस, पाच कॅमेरे. लिफ्टचा दोर, ब्रेक, दार, मोटर, सगळ्याचे फोटो यायचे. ते तारखेप्रमाणे आणि इमारतीप्रमाणे लावणं हे माझं काम. त्या वर्षी सप्टेंबरात नवीन मशीन आलं आणि जुनं सगळं त्यावर हलवायचं होतं. तेव्हा लक्षात आलं की दोन नंबरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ सोळा दिवस मागे आहे. सेल बदलताना कुणीतरी चुकीची तारीख लावली होती. सोपी गोष्ट होती. त्या कॅमेऱ्याचे फोटो निवडायचे आणि एका फटक्यात सोळा दिवस पुढे ढकलायचे. मी ढकलले. मग जागा कमी म्हणून जुन्या प्रती पुसून टाकल्या.

मी दोनच्या जोडीला तीनही निवडला होता. तीन नंबरचा कॅमेरा दादाचा.

आता तो अपघात. सात मजली इमारतीतली लिफ्ट सतरा तारखेला कोसळली आणि शिवणकाम करणाऱ्या एक बाई गेल्या. दादा सांगत होता की तीन तारखेला मी तिथे गेलो होतो, दोराच्या तारा तुटलेल्या पाहिल्या, फोटो काढला, लिफ्ट बंद करा अशी नोटीस सेक्रेटरीच्या हातात दिली. सेक्रेटरी म्हणाला, कुणी आलंच नव्हतं. मग सगळं त्या फोटोवर आलं. फोटो माझ्याकडे होता, आणि त्याच्या पोटात तारीख होती एकोणीस. अपघातानंतरची.

चौकशीत मला बोलावलं. विचारलं, ‘ही तारीख कॉम्प्युटरची की कॅमेऱ्याची?’ मी ताठ मानेने म्हटलं, ‘कॅमेऱ्याची. ती आतली असते, खोटं बोलत नाही.’ दादा समोर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. आपल्यालाच काही आठवत नाहीये की काय, असा चेहरा झाला होता त्याचा.

देवाशपथ सांगते, तेव्हा मला माहीत नव्हतं.

चार दिवसांनी कळलं. दादाचे त्या महिन्याचे फोटो चाळत होते. एका शाळेच्या लिफ्टचा फोटो होता, मागे गणवेशातली मुलं रांगेत उभी. तारीख पाहिली तर रविवार. रविवारी कसली शाळा? मी बोटांवर सोळा दिवस मागे मोजले. शुक्रवार आला. मग तीन नंबरचे बाकीचे फोटो तपासले, सगळे सोळा दिवस पुढे गेलेले.

त्या क्षणी उठून साहेबांकडे जायला हवं होतं. आमच्या दोन टेबलांमध्ये वीस पावलं होती. मी पाणी प्यायले आणि बसून राहिले. नोकरी जाईल ही भीती होती, पण वहिनी, खरं कारण त्याहून हलकं आहे. ‘बाईंच्या कामात चूक सापडत नाही’ असं सगळं ऑफिस म्हणायचं. मला ते ऐकायची सवय झाली होती.

आणि आता जे लिहिते आहे ते याहून वाईट आहे.

त्याच आठवड्यात दादा माझ्या घरी आला होता. तुझ्या हातची लोकरी टोपी देण्याचं निमित्त करून. आठवतं? चहा झाल्यावर त्याने खिशातून एक कार्ड काढलं. कॅमेऱ्याचं. ते भरलं म्हणून त्याने नवीन घातलं होतं आणि हे टेबलाच्या खणात पडून होतं.

म्हणाला, ‘यात काही सापडतं का बघ. मला यातलं ओ की ठो कळत नाही.’

मी कार्ड मशीनमध्ये घातलं. उघडलं. तो फोटो समोर होता. दोराच्या तुटलेल्या तारा, आणि खाली तीन सप्टेंबर, सकाळी अकरा चाळीस. दादा माझ्या मागे खुर्चीत बसला होता, तिथून त्याला पडदा दिसत नव्हता. मी ते बंद केलं.

‘कार्ड खराब झालंय,’ मी म्हटलं. ‘काही वाचता येत नाही.’

‘अगदीच?’

‘अगदीच.’

‘बरं,’ कार्ड परत खिशात टाकत तो म्हणाला. ‘तू बघितलंस ना, मग झालं.’

जाताना जिन्यात थांबून मलाच म्हणाला, ‘तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुला विचारलं ते तू सांगितलंस.’

त्यानंतर पाचव्या दिवशी बडतर्फीचा आदेश निघाला. अपघातानंतर फोटो काढून मागच्या तारखेचा अहवाल लिहिला, असं ठरलं. पुढचं तू भोगलं आहेस, ते मी तुला काय सांगू. त्या बाईंचा मुलगा दारात येऊन बोलला ते, शेजाऱ्यांनी तोंडं फिरवली ते, लिफ्टच्या सुट्या भागांच्या गोदामात दादा खोकी मोजत बसायचा ते. सेक्रेटरी मात्र सुटला.

डिस्कबरोबर तू त्याच्या जुन्या वायरींचा बिस्किटांचा डबाही पाठवलास, त्यात वायरींच्या खाली एक पाकीट निघालं. वर दादाच्या अक्षरात लिहिलेलं, ‘खराब. तरी ठेवणे.’ आत तेच कार्ड. आजही सरळ उघडतं. कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं असतं तरी कुणीही दोन मिनिटांत तारीख काढून दिली असती. त्याने नेलं नाही, कारण मी सांगितलं होतं.

पुढे मी नऊ वर्षं त्याच खुर्चीवर होते. ऑफिसातल्या फोटोची तारीख कधीही बरोबर करू शकले असते. पण दुरुस्ती कुणी केली, कधी केली, याचीही नोंद राहते. म्हणून केली नाही. निवृत्त झाले तेव्हा माझ्या चोख कामाबद्दल भाषण झालं आणि दादा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

काल मी ऑफिसात जाऊन आले. सगळं लिहून नेलं होतं. कार्डाची नक्कल, दोन्ही तारखा, मी काय केलं ते, कार्ड खोटंच खराब ठरवलं तेही. माझ्या जागी आता एक तरुण मुलगी आहे. तिने दोनदा वाचलं.

‘संबंधित व्यक्ती?’ तिने विचारलं.

‘वारली.’

‘मग काकू, तुम्हाला यातून काय हवंय?’

‘तारीख बरोबर करून हवी आहे. आणि का बदलली, ते शेजारी लिहून.’

ती म्हणाली, अकरा वर्षांपूर्वीची फाइल गोदामात असेल, नसेल तर नसेल. फेरचौकशी होईल की नाही हे तिच्या हातात नाही. मी म्हटलं, निदान अर्ज घेतल्याचा शिक्का दे. तो घेतल्याशिवाय उठले नाही. शिक्का तिरका पडला आहे, पण वाचता येतो. ती प्रत सोबत जोडली आहे. मूळ कार्ड पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही. तुझी लेक शुक्रवारी इकडे येणार आहे, तिच्या हातात देईन. तिने वकील करायचं ठरवलं तर ती जिथे म्हणेल तिथे मी उभी राहीन. माझ्यावर काय होईल याचा विचार तुम्ही दोघींनी करायचा नाही.

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाचा पत्ता मिळाला आहे. उद्या जाणार आहे. तो दार लावून घेईल कदाचित. त्याने अकरा वर्षं ज्या माणसाला शिव्या दिल्या त्याने त्याच्या आईसाठी लिफ्ट बंद करायला सांगितलं होतं, एवढं तरी त्याच्या कानावर घालीन.

तुझी माफी मागायला मी बसलेली नाही. ती द्यायची तर दादानेच द्यायची होती, आणि त्याच्याकडे मागायला मला अकरा वर्षं होती. तू दर गुरुवारी फोन करतेस. या गुरुवारी नाही केलास तरी मला कळेल. शिव्या द्यायला केलास तर मी फोन ठेवणार नाही, तुझं संपेपर्यंत ऐकेन.

फोटोंचं काम पुरं झालं आहे. तो दोराचा फोटोही मी घरच्या फोटोंमध्येच ठेवला आहे. त्याखाली कुणी काढला, कुठे काढला आणि कधी काढला, हे तिन्ही लिहिलं आहे.

पत्राच्या शेवटी ‘तुझीच’ लिहायची रीत आहे. ते लिहायला हात वळत नाही.

तुझी नणंद
(हे राहू द्यायचं की खोडायचं, ते तू ठरव.)