कोट घालून घेतलेलं माप

ग्रेमथ,
८ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

कसा आहेस? आईचे गुडघे, टिप कुत्र्याची खाज आणि तुझा खोकला, या क्रमाने कळव. आईला विचारलं तर ती तिन्हींना मिळून एकदाच "बरं आहे" म्हणते, आणि त्यातलं टिपच्या वाट्याला किती आलं तेही कळत नाही.

तू फोनवर येत नाहीस म्हणून पत्र. पत्राला लगेच काही बोलावं लागत नाही, तेव्हा निदान वाच.

मी ठीक आहे. खोली लहान आहे, चिलटं आपल्या गावाइतकीच आहेत, ऑफिसमधला चहा वाईट आहे. आणि बातमी अशी की मी रायफल घेतली. दुकानातल्या रॅकवरची सगळ्यात स्वस्त बोल्टची रायफल, काळ्या प्लास्टिकचा दस्ता आणि टेलिफोनच्या खांबाएवढी नळी. तुझं मत मला न विचारता माहीत आहे. असल्या रायफली परसात रोवाव्यात आणि त्यांवर टोमॅटो चढवावेत. पण चांदमारीवर तिने मला गप्प केलं. नेम सरळ आहे, बोल्ट थोडा खरखरतो, बाकी तक्रार नाही. दुखणं आहे ते लांबीचं. पहिल्याच दिवशी काळ्या वेलींच्या जाळीत शिरले आणि दर दोन पावलांना नळी अडकली. तू म्हणायचास ना, ही वेल प्रत्येकाला थांबवून विचारते, "कुठं निघालास?" मला तिने दिवसभर विचारलं.

म्हणून तिला आखूड करून घ्यायचं ठरवलंय. नळी पुढून कापायची, दस्ता मागून कमी करायचा, जड दुर्बीण काढून छोटी बसवायची. मला लांबवरचे नेम धरायची रायफल नकोच आहे, चालायची हवी आहे. दिवसभर खांद्याला असावी आणि असल्याची आठवण राहू नये.

काम आर्चीकडे दिलंय. तोच, तुझ्याबरोबर खाणीत होता आणि आता बंदुका दुरुस्त करतो. त्याने विचारलं, "किती कापू?" मी म्हटलं, "बाबांना विचारून सांगते."

"नोएलला? तो तर जंगल खात्याच्या माणसांशी बोलत नाही म्हणे."

"मी खात्याची आहे आणि त्याची मुलगीही आहे. बघू, कोणाला उत्तर देतो."

आर्ची इतका हसला की त्याला बसावं लागलं. मी मात्र खरंच विचारतेय. कायद्याने ठेवावी लागते त्याहून थोडी जास्त लांबी ठेवून बाकी कापावी, असं माझं मत आहे. तुझं काय?

नोव्हेंबरातल्या सभेबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. फक्त एवढंच, की त्या दिवशी तू शिकाऱ्यांच्या हॉलमध्ये खुर्चीवर टाकून गेलास तो लोकरी कोट माझ्याकडे आहे. धुतलेला नाही.

आईला सांग, फ्रीजरमधली व्हाइटबेट मासळी सगळी संपवू नका.

तुझी,
उत्तराची घाई नसल्यासारखं दाखवणारी
ब्रिडी


ग्रेमथ,
१९ मार्च

प्रिय बाबा,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नव्हती, ती मी वर्तमानपत्राच्या घड्या उलगडूनही शोधली. पण पट्टा ओळखला. चुलीला टेकून जळलेला डाग अजून तसाच आहे. म्हणजे भिंतीवरची तुझी रायफल आता बिनपट्ट्याची आहे. मी यातून काही अर्थ काढत नाहीये, असं म्हणाले असते, पण पट्टा आल्यापासून दुसरं काही करतच नाहीये.

आणि परवा आईचा फोन चालू असताना मागून तुझा आवाज आला.

"विचार तिला, दस्त्याचं माप कोट घालून दिलं होतं का."

आई म्हणाली, "तूच विचार की. फोन काही चावत नाही."

"माझा चहा गार होतोय."

मी इकडे घाईने फोन ठेवला. कारण नव्हतं दिलं. फेब्रुवारीतली, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली दुपार, आर्चीच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीसारखं उकडत होतं, मी अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टात उभी. त्याने हात धरला, कोपरापासून बोटापर्यंत टेप लावली, दस्ता कापला. दोघंही माहीतगार असल्यासारखे वागत होतो. तुझं उत्तर आलं नाही म्हणून नळी माझ्याच मताने कापली. ती सुरेख झाली, तोंड इतकं गुळगुळीत की बोट फिरवत राहावं, आणि पुढे आवाज दाबायची ती आखूड नळी बसवली, जिला तू बाटली म्हणतोस. हातात घेतली की हलकी, आटोपशीर. मी फार खूश होते.

मग मार्च लागला, उन्हाळा सरला आणि थंडी पडली. पहाटेच्या दहिवरात मी जाड कोट घालून गेले, आणि ओढ्यापलीकडे एक हरणाची मादी उभी राहून माझ्याकडे पाहायला लागली. मी रायफल उचलली आणि दस्त्याची मागची बाजू काखेतल्या लोकरीत रुतली. ओढून काढली, पुन्हा रुतली. तिने बराच वेळ हा खेळ पाहिला आणि मग सावकाश निघून गेली, पळालीसुद्धा नाही.

आर्चीकडे परत गेले. तो म्हणाला, "उन्हाळ्यात कोट घालून माप देतं कोण?" मी म्हटलं, "ज्यांना हिवाळा माहीत आहे ते." तो म्हणाला, "मग घातला का नाहीस?" आणि करवत काढली.

बाबा, तिथे मी त्याला थांबवलं. आता जे या पत्रात लिहायचं टाळत होते ते लिहिते.

तुझा कोट माझ्या गाडीत होता. तो आणला. कोपराशी तो विरलाय, म्हणजे तुझं कोपर कुठे येतं हे त्यावर लिहिल्यासारखंच आहे. तिथून बाहीच्या टोकापर्यंत मोजलं. तुझा हात माझ्याहून लांब. लोकरीची जाडी धरली तरी, दस्ता मला जेवढा लांब पडतो तेवढाच तुला बरोबर बसतो. मी करवत खाली ठेवायला सांगितली. आर्चीने कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि करवत परत खिळ्याला अडकवली.

ही रायफल पहिल्यापासून तुझ्यासाठीच होती. वेलींचं कारण खोटं नव्हतं, पण पुरतं नव्हतं. तुझ्यासाठी करतेय हे आर्चीला सांगायला धीर झाला नाही, म्हणून माप माझं दिलं. आई म्हणते, तू कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जातोस आणि कुंपणाला टेकून उभा राहतोस, कुंपण तपासतोय असं दाखवतोस. खाणीतली धूळ छातीत बसलीय हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी म्हणत नाही. जुनी रायफल तू भिंतीला टांगलीस ती, तू सांगतोस तसं, हरणं कमी झाली म्हणून नव्हे. ती जड होती. ही जड नाही.

दुसरं. सभेत मी हॉलच्या भिंतीवर तूच लावलेल्या हरणांच्या शिंगांखाली उभी राहून म्हटलं होतं, की या हॉलमधले सगळे चाळीस वर्षं शिंगांसाठी जंगलात जातात आणि माद्या सोडून देतात, म्हणून हरणं वाढत राहतात, आणि बीच झाडांच्या जंगलात जमिनीलगत एक रोप उरत नाही. तू तेवढ्यावर उठलास. पुढचं ऐकलं नाहीस. पुढचं असं होतं, की हरणं मारायला हेलिकॉप्टरमधून विषाच्या गोळ्या टाकणं मलाही आवडत नाही. पण मरणाऱ्या जंगलाकडे बघत बसणं मला त्याहून वाईट वाटतं. मी ते आजही म्हणेन. पदवीच्या फोटोत माझ्याशेजारी टाय बांधून उभा राहिलास ना, त्या पदवीत हेच शिकले.

पण वरचं खोरं मी साहेबांकडून मागून घेतलंय. जूनपर्यंत, हिवाळा लागेपर्यंत, तिथल्या हरणांची संख्या बंदुकीने खाली आली, तर तिथे विषाच्या गोळ्या पडणार नाहीत. नाही आली, तर पडतील, आणि त्या कागदावर माझीही सही असेल. ते खोरं तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. तू ज्या पोरांना शिकार शिकवलीस ती आता पन्नाशीची झालीत, आणि तू मादीवर नेम धरल्याशिवाय त्यांच्यातला एकही धरणार नाही.

माजावर आलेले नर डुरकायला लागले असतील. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी रायफल आणि कोट घेऊन येते. यायचं नसेल तर कोट ठेवून जाईन. बोलायचं नसेल तरी चालेल, पण ये.

तुझी
ब्रिडी


ग्रेमथ,
१४ एप्रिल

प्रिय बाबा,

आई बरी असेल, टिपही. जे तुझ्यासमोर झालं तेच तुला लिहून कळवतेय, कारण तिकडे आपण चहा आणि वारा यापलीकडे काही बोललो नाही. काही गोष्टी मला लिहूनच सांगता येतात. तुला पार्सल पाठवून.

फाटकाशी तू उभा होतास, हात खिशात. मी कोट दिला. तू तो घातलास, कॉलर हुंगलीस.

"धुतला नाहीस."

"नाही."

"बरं केलंस."

मग रायफल घेतलीस, उलटीसुलटी केलीस. "ही काय, रायफल की छत्री?" खांद्याला लावलीस. दस्ता जिथे जायला हवा तिथे गेला, लोकरीला न अडकता. मग ती तू परत दिलीच नाहीस. पट्ट्याचं भोकसुद्धा न बघता बोटांनी शोधलंस. आई दारातून म्हणाली, "जा आता, संध्याकाळपर्यंत दोघांची तोंडं मला दाखवू नका." आणि सँडविच माझ्या हातात कोंबले.

चढावर तू हरणांचे ठसे बघायला थांबत होतास. जिथे ठसे नव्हते तिथेही थांबलास. मीही वाकून बघितलं. एकदा तू म्हणालास, "हा जुना आहे," आणि मी म्हटलं, "हो, बराच जुना," आणि समोर नुसता शेवाळलेला दगड होता. बाबा, मला त्या चढाइतकं सुख कित्येक दिवसांत झालं नव्हतं. काळ्या वेलींच्या जाळीतून तू असा गेलास की एकाही वेलीने तुला काही विचारलं नाही.

वर पोचल्यावर तू खिशातून नराला बोलवायची, डुरकायची नळी काढलीस, तोंडाला लावलीस, आणि छातीने साथ दिली नाही. तू खोकलास. मी पलीकडच्या कड्याकडे बघत राहिले. मग तू नळी माझ्यापुढे धरलीस.

"तू कर."

"मला येत नाही."

"विद्यापीठात शिकवत नाहीत वाटतं. पोटातून काढ."

मी काढला. तू डोळे मिटून घेतलेस. "हा नर नाही, ब्रिड. ही दात काढायला नेलेली गाय आहे." दुसऱ्यांदा काढला. "आता गाय घरी आली." तिसऱ्यांदा मी चिडून डुरकले, आणि पलीकडच्या उतारावरून उत्तर आलं. आपण दोघं हसायचंसुद्धा थांबलो.

तो किती मोठा होता हे मी तुला सांगणं विनोदी आहे. बारा टोकांची शिंगं, मानेवर चिखल, श्वासाची वाफ. हॉलच्या भिंतीवर मधली जागा तू वर्षानुवर्षं रिकामी ठेवलीस, ती कशासाठी ते मला तेव्हा कळलं. तू रायफल उचललीस. मी मनात म्हटलं, घेऊ दे. आज एक दिवस घेऊ दे. हे तुला माहीत असावं म्हणून लिहितेय. सभेत एवढं बोलणारी मी, त्या क्षणी जंगलाच्या बाजूला नव्हते.

त्याच्या मागे फर्नमध्ये ती तरणी मादी होती. अजून पिल्लू न झालेली. नर तुझ्यापुढे आडवा उभा राहिला, पाहिजे तेवढा वेळ. रायफलची नळी त्याच्यावरून हळूच सरकली आणि मागे, मादीकडे गेली. नर बाजूला होईपर्यंत तू थांबलास. मग आवाज झाला, बाटलीतून बूच निघावं तेवढाच. ती जागीच बसली. नर कड्यावरून गेला, आणि तू तो दिसेनासा होईपर्यंत बघत होतास.

मग बोल्ट मागे ओढून म्हणालास, "मादीचं मांस कोवळं असतं. तुझ्या आईचे दात बघायला हवेत."

उतरताना मांस माझ्या पाठीवर होतं, रायफल तुझ्या खांद्याला. अर्ध्या वाटेवर तू थांबलास. मला वाटलं, पुन्हा ठसे. तू म्हणालास, "खांद्याला आहे हे विसरलोच होतो." मी चालत राहिले, कारण मला माझा चेहरा सांभाळायचा होता.

काल आईचा फोन आला. ती म्हणाली, शुक्रवारी हॉलवर सगळ्यांनी तुला विचारलं, शिंगं कुठायत. तू म्हणालास, "डोंगरात. नराकडे बघायचं आणि नेम मादीवर धरायचा. ज्याला जमत नसेल त्याने घरी टोमॅटो लावावेत." त्यावर कोणी हसलं नाही म्हणे. या शनिवारी पाचजण वर जातायत.

एवढ्याने खोरं वाचेल का, मला माहीत नाही. जूनमध्ये मी संख्या मोजायला येईन. खरी मोजेन, बाबा. तुझ्यासाठीसुद्धा एक हरीण इकडचं तिकडे करणार नाही. हरणं पुरेशी कमी झालेली नसली तर तुला सगळ्यात आधी मीच सांगेन, फोनवर नाही, समोर बसून. आणि विषाच्या गोळ्या पडायच्याच ठरल्या तर तू हवं तर पुन्हा उठून जा. फक्त कोट घालून जा, थंडी असेल.

रायफल तुझ्याकडेच राहू दे. तिचा दस्ता मला अजूनही लांबच आहे.

तुझी,
सभेतलं एकही वाक्य मागे न घेतलेली, आणि डुरकायचा सराव करणारी,
तुझीच
ब्रिड