कात्यायनीच्या वाटेवर कोणीतरी पुढे

रवि., १५ नोव्हें. १९५३
टायफॉइडनंतर आज पहिल्यांदा फिरायला. डॉक्टरांचा हुकूमच आहे. राजारामपुरीतून कळंब्याच्या तलावापर्यंत दादूचा टांगा, पुढे कात्यायनीच्या टेकडीपर्यंत पायी. एकटाच. धुकं दाट. तलावाशी थांबलो नाही. चार वर्षांपूर्वी अण्णा असाच सकाळी फिरायला आला होता. काठावर चपला सापडल्या. माझा थोरला भाऊ नाही सापडला, त्याचं प्रेतसुद्धा नाही.
टेकडीअलीकडे गुऱ्हाळ लागलंय. रस प्यायलो. म्हातारा गुळव्या म्हणाला, "पावणं, जोडीदाराला हाक मारा की. त्यो तसाच म्होरं गेला."
म्हटलं, मी एकटाच आहे.
"आसं कसं? आत्ता तर गेला की हितनं!"
धुक्यात दुसरं कोणी असेल.

रवि. २२
आज ऊन लख्ख. मुद्दाम बांधावरून गेलो, गुऱ्हाळ टाळून. गवत कापणारी एक बाई उभी राहून बघायला लागली. "भाऊ-भाऊ व्हय? लई सारखं दिसतासा."
कोण भाऊ?
तिनं विळ्यानं वरची वाट दाखवली. पळत गेलो. धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी. देवळात गुरव एकटाच झाडत होता. सकाळपासून कोणी आलं नाही म्हणाला. वर यायला वाट एकच.
देवीसमोर हात जोडले, पण लक्ष सगळं पाठीमागे.

मंगळ. २४
घरी बोललो नाही. मामांचं पत्र आलंय: अण्णाचं क्रियाकर्म उरकून टाका, सूनबाईनं किती दिवस कुंकू लावायचं? आईनं पत्र ऐकलं, उठून आत गेली. वहिनींनी ते माझ्या हातून घेतलं, स्वतः वाचलं, घडी घालून परत दिलं. "भाऊजी, आमटी गार होतेय."


रवि. २९
सरळ गुळव्याकडे गेलो. दिसतो कसा तो?
"तुमच्यावानीच. उजवा खांदा जरा खाली. चालताना बोटं मोजत जातोय बघा. पायात काय न्हाय."
अण्णाची बोटं मोजायची सवय... हे घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक?
संध्याकाळी वहिनींना सांगून बसलो. सांगायला नको होतं. रडतील वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता असतात तिथं?"

रवि. ६ डिसें.
वहिनी बरोबर. आईला देवदर्शन सांगितलं. आज गुऱ्हाळ बंद, वाटेवर चिटपाखरू नाही. टेकडीचं वळण आलं तशा त्या भराभर पुढे गेल्या. मी खाली थांबलो. दम लागला म्हणून, असं लिहिणार होतो. खोटं. भ्यालो.
वळणापलीकडून त्यांचा आवाज येत होता. घरात बोलतात तसा, साधा. मधे थांबत होत्या, ऐकल्यासारख्या. दुसरा आवाज मला आला नाही. मग हसल्या. चार वर्षांत हसलेल्या ऐकल्या नव्हत्या.
बऱ्याच वेळानं खाली आल्या. चेहरा शांत.
"कोण होतं?"
"तुम्ही का नाही आलात वर?"


बुध. ९
मामांना पत्र धाडलं: क्रियाकर्म आत्ता नाही. मजकूर वहिनींनी सांगितला, सही आईची. आईनं कारण विचारलं नाही.

रवि. १३
उठलो तर वहिनी घरात नाहीत. आई म्हणाली, पहाटेच देवीला गेल्या, दादूचा टांगा घेऊन. तुला उठवू नको म्हणाल्या.
साडेदहाला दादू आला. टांगा रिकामा.
"वहिनी कुठायत?"
"टेकडीकडं गेल्या की. मला म्हणाल्या, थांबू नगंस, येताना आम्ही दोघं चालत येतो."
"दोघं?"
"व्हय, दोघं. मला वाटलं तुम्ही हाईसा तिकडं."
आता साडेअकरा. बूट चढवलेत, टांगा दारात उभा आहे. आई स्वयंपाकघरातून दुसऱ्यांदा विचारतेय, भात किती माणसांचा टाकू.
काय सांगू