देवाला 'तू' म्हणण्याबाबत

मी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, वय एकोणऐंशी, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छाती धडधडते आहे. तिचा दाखला कोणी मागितलेला नाही.

एक. लोखंडी कपाट आणि प्रार्थनेचं लाकडी स्टूल धाकट्या भावाला. हा प्रार्थनेत पाय पसरून जांभया देतो. त्याचे गुडघे आजवर फक्त पलंगाखालची चप्पल शोधायला टेकले आहेत.

दोन. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. गाडी लावायला जागा मिळाली नाही की ही म्हणते, "ए देवा, बघ ना रे जरा!" त्यावरून मी तिला दोनदा घराबाहेर काढलं आहे. तरी तिलाच. कारण पुढे देते.

तीन. कॉन्व्हेंटमध्ये पहिल्याच प्रार्थनेत मी देवाला 'तुम्ही' म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "अगं, तो काय परका आहे? 'तू' म्हण." वर्ग खो खो हसला. तेव्हापासून 'तू' म्हणत आले, पण दर वेळी जीभ अडखळली. एक्स्चेंजमध्ये शिव्या देणाऱ्यालासुद्धा मी "आपण कोण बोलताय?" विचारलं. मग ज्याच्या शब्दावर सूर्य उगवतो त्याला अरे-तुरे कसं करायचं?

गेल्या महिन्यात ऑपरेशनच्या टेबलावर हातपाय गार पडले आणि तोंडून निघालं, "अहो, मला सोडू नका हो!"

नर्स म्हणाली, "आजी, आजोबांना बोलावू का?"

"आजोबा कुठले? देवाशी बोलतेय मी!"

ती हसली. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं 'तू' म्हणूनही मी परक्यासारखी त्याच्या दारातच उभी होते, हे तिथे कळलं. आता समोर गेल्यावर तोंडच उघडलं नाही तर? या विचाराने अन्न गोड लागत नाही.

चार. म्हणून भाचीवर एकच अट. ती मी गेल्यावर वाचून उपयोग नाही, त्यामुळे तिला आजच वाचून दाखवली. माझी वाचा गेली की तिने उशाशी उभं राहून, बसून नव्हे, च्युइंगगम थुंकून माझ्या वतीने त्याला हाक मारावी.

तिने विचारलं, "आत्या, म्हणू काय?"

नेहमी म्हणतेस तसंच म्हण. "ए देवा, आत्या येतेय. फार घाबरली आहे. बघ ना रे जरा."

साक्षीदार: समोरच्या घरातली शिंपीण (सही), खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर (सही, माझा चष्मा लावून)

माझी सही: वाकडी, पण माझीच.

स्थळ: माझी खोली, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: ७ मार्च