पदराला बांधलेली जोडवी

मंगळवार, संध्याकाळ

पाय दुखतायत, आणि डोक्यातून ती जोडवी जात नाहीत.

रांग कमी करायची म्हणून एमआरआयच्या दारावर नवा नियम लागलाय. नाव पुकारल्यावर पेशंट तयार नसेल, तर पुढचा आत घ्यायचा. नियम बरोबरच आहे. मीटिंगमध्ये मीच सुचवला होता. मग आज का टोचतोय?

पाचोडहून एक मावशी आल्या होत्या, नवऱ्याला घेऊन. मावशींच्याच कमरेचा एमआरआय. अंगावर धातू चालत नाही, म्हणून मी म्हटलं, जोडवी काढा. काढेनात. "मालक समोर बसलेत अन् जोडवी काढू व्हय?" शेवटी मालकच वैतागले, "मी जिता हाय ना? काढ की!" बोटं सुजलेली. साबण लावून एकदाची निघाली, तोवर मी पुढच्या पेशंटला आत घेतलं होतं. मावशींना पुढच्या महिन्यातली तारीख.

जरा थांबता आलं असतं का मला? पण एकासाठी थांबलं की मग... जाऊ दे.

दुपारी साहेब खूश. "आज बाहेर गर्दीच नाही!" खरंच नव्हती.

मावशी निघाल्या तेव्हा जोडवी पदराच्या गाठीत होती. मी म्हटलं, "घाला की आता. तारखेला अजून लई दिवस आहेत."

"राहू द्या, बाई," त्या म्हणाल्या. "तोवर बोटं मोकळीच ठेवते. पुन्हा काढण्यात येळ गेला, तर तुमी पुन्हा दुसऱ्याला आत घ्याल."