डिमाइज्ड

मंगळवार, रात्र

बाबांनी आज पणजोबांचा जुना इंग्रजी कागद पुढ्यात ठेवला. ठाकुर्लीतल्या आमच्या घराखालच्या जमिनीचा. उद्या तो, ही जमीन विकत घेऊ पाहणाऱ्या बिल्डरच्या वकिलाला दाखवायचाय.

"अगं, डिमाइज म्हंजे मरण ना? यात कोण मेलंय?"

मलाही तेवढाच अर्थ माहीत होता. पण कागदात तर जमीन डिमाइज्ड होती. जमीन कशी मरेल? शाळेत बक्षीस मिळालेली जाड डिक्शनरी काढली. कायद्यातला जुना अर्थ शेवटी दिलेला: ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देणे.

म्हणजे जमीन पणजोबांना विकलेलीच नव्हती? मुदत किती, ते वाळवीने खाल्लंय. तीनदा वाचलं. डिमाइज्डच.

"सापडलं काय?"

"दिली, असा अर्थ आहे," मी म्हटलं. खोटं नाही. पण अर्धंच.

"मंग आपलीच ना!" बाबा खूश होऊन आईला सांगायला गेले. ते बघवेना. जेवताना सगळं सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी हळूच विचारलं, "वकिलाला हा शब्द माहीत असंल?"

"असेलच, बाबा."

आता लिहितानाही घराच्या भिंतीला पाठ टेकवायला भीती वाटतेय.